ड्रॅग रेसिंगच्या स्पर्धा परवान्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून माझ्याकडे २०० सीसीची मोटारसायकल आहे. पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यतीत (उभ्या गाड्या एकदम सुटून सरळ पट्ट्यावर कमी अंतर पळतात ती शर्यत) हौशी गटातून उतरावे असे दोन वर्षांपासून मनात आहे. रात्री रिकाम्या रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्यांच्या टोळक्यात मात्र मला जायचे नाही. समोरून दुधाचा टेम्पो आला की सगळेच आटोपते.

भारतात स्पर्धा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया देते आणि आरटीओचा वाहन परवाना त्याला पर्याय ठरत नाही, एवढे मला ठाऊक आहे. माझे घोडे अडले आहे ते वैद्यकीय प्रमाणपत्रावर. आमच्या भागातील एका डॉक्टरांनी माझा रक्तदाब तपासला, कागद उलटून पाहिला आणि ‘मोटार शर्यत’ हे शब्द दिसताच उघडलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावले. त्यांचेही चूक म्हणता येणार नाही.

नाशिकमध्ये असे प्रमाणपत्र कोणी मिळवले असल्यास कृपया सांगावे: डॉक्टर कोणत्या पात्रतेचे लागतात, आणि डोळ्यांची तपासणी वेगळी करावी लागते का? तसेच माझ्या पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आहे, पण काचेवर बारीक ओरखडे आहेत; शर्यतीपूर्व तपासणीत ते चालते, की नवीनच घ्यावे? पगार सात तारखेला होतो, त्यामुळे तोपर्यंत उत्तर मिळाल्यास खरेदीचे ठरवता येईल.