आंबोलीत पावसाळ्यात राहायला घरगुती, निसर्ग जपणारी जागा हवी आहे

नमस्कार मंडळी, जुलैमध्ये सासूबाई आणि लेकीला घेऊन आंबोलीला जायचंय. धबधबा आमच्यासाठी दुय्यम. लेकीला बेडूक बघायचेत, त्यातही फक्त आंबोली परिसरातच सापडणारा आंबोली टोड. तो जुलैत दिसेल ना, की जूनमध्येच यावं? शिवाय पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करणारा हिरवागार मलबार ग्लायडिंग फ्रॉग दिसला तर सोन्याहून पिवळं!

घर गावातल्याच माणसांचं असावं, जेवण घरचं, आणि मुख्य म्हणजे रात्रभर अंगणात फ्लडलाइट नकोत. एका ठिकाणी फोन केला तर रेन डान्स आणि डीजेचंच कौतुक ऐकवलं. सांडपाणी आणि कचरा कुठे जातो, हेही कळलं तर बरं. हिरण्यकेशीच्या उगमाला तिथल्या एका चिमुकल्या माशामुळे २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय. त्या पाण्यात आपली घाण जायला नको.

रात्री फिरवणारा जाणकार गाइडही सुचवा. फोटोसाठी बेडूक उचलणारा, सापाला काठीने डिवचणारा अजिबात नको.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे खोली तळमजल्यावरच हवी. स्वतः राहून आलेल्यांनी कृपया सांगा.