'बिफोर सनराइज' घरच्यांसोबत पाहावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रिचर्ड लिंकलेटर यांचा 'बिफोर सनराइज' हा १९९५ चा चित्रपट येत्या रविवारी दुपारी घरी लावण्याचा विचार आहे. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोरून उठण्याची कोणाचीच तयारी नसते, त्यामुळे प्रेक्षक आयतेच मिळतील. प्रश्न इतकाच की ते शेवटपर्यंत बसतील का.

रेल्वेत भेटलेला एक अमेरिकन तरुण आणि एक फ्रेंच तरुणी व्हिएन्नात उतरतात, रात्रभर शहरात हिंडत बोलत राहतात आणि सकाळी त्यांना आपापल्या वाटेने जायचे असते, एवढेच कथानक मला ठाऊक आहे. खलनायक नाही, घरच्यांचा विरोध नाही. जे काही आहे ते संवादांत. मला हे नक्की रुचेल, परंतु माझ्या वडिलांना दर दहा मिनिटांनी काहीतरी घडावे लागते, आणि सतत उपशीर्षके वाचणे आईला कितपत जमेल याची शंका वाटते.

याच दोन पात्रांवर, ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी यांनाच घेऊन, २००४ आणि २०१३ मध्ये पुढचे भाग निघाले. पात्रांसोबत कलाकारांचेही वय खरोखर वाढलेले दिसावे, ही कल्पना मला मूळ कथेपेक्षाही अधिक ओढ लावते. तेव्हा पहिला भाग एकटा पाहिला तर समाधान होते का, की तिन्ही पाहणे आवश्यक आहे? आई-वडिलांसमोर अवघडल्यासारखे वाटेल अशी दृश्ये त्यात आहेत का, हेही कृपया स्पष्ट सांगावे. शेवट मात्र कोणी उघड करू नये, ही विनंती.