रोजचा आकडा खाली-वर होतो, कल कसा ओळखायचा?

आई ८१ वर्षांची आहे, म्हणून जिल्ह्यातले कोविडचे नवे रुग्ण मी रोज वहीत लिहिते. सोमवारी आकडा घसरतो, बुधवारी उसळतो. जीव टांगणीला लागतो. विश्वास कशावर ठेवू?

उत्तर १: सुट्टीत तपासण्या कमी होतात, म्हणून सोमवारची घसरण फसवी. सात दिवसांची सरासरी काढा. शंभर तपासण्यांत किती बाधित, तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये साथ आटोक्यात आल्याचा निकष दिला होता: हे प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांखाली.

उत्तर २: सांडपाण्यात विषाणू किती आहे याचे अहवाल मिळाले तर जरूर बघा. विषाणू विष्ठेतूनही बाहेर पडतो, त्यामुळे तपासणी न केलेलेही त्यात येतात.

प्रश्नकर्ती: सरासरी काढली, नऊ दिवस चढतीच आहे. आजपासून आईच्या खोलीत मास्क लावूनच जाणार, खिडक्याही उघड्या ठेवणार.