मदत हवी आहे: ॲपमध्ये पैकीच्या पैकी, पुस्तकात 'घर' वाचता येत नाही

निशिगंध_०७ (धागाकर्ती)
मुलीला घरी मराठी वाचायला शिकवते आहे. दोन महिने रोज संध्याकाळी ॲप चालू आहे. सगळे टप्पे पार, तारे मिळाले, पदकं मिळाली. काल सहज गोष्टीचं पुस्तक पुढ्यात ठेवलं, तर 'घर' हा शब्द वाचता आला नाही. ॲपमध्ये तो तिने निदान पन्नास वेळा बरोबर ओळखला असेल. दुसरं चांगलं ॲप किंवा साइट सुचवा. इंटरॅक्टिव्हच हवं, कारण पुस्तक म्हटलं की ती उठून जाते. जरा लवकर सांगा, मेटाकुटीला आले आहे.

पायवाट
वय किती? मराठी बोलते का, की फक्त समजतं? अक्षरओळख कोणी करून दिली? एवढं कळल्याशिवाय काय सुचवणार?

गोष्टीवेल्हाळ
स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलं. फुकट आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या पुस्तकात एका पानावर जेमतेम एखादं वाक्य असतं. आमच्याकडे यावरच गाडी रुळावर आली.

कोरा_कागद
आधी ती स्क्रीन बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की लहान मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको.

पायवाट
ती मार्गदर्शक सूचना पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. इथे वयच अजून कळलेलं नाही. ताई, वय?

निशिगंध_०७
हो हो, राहिलंच. आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर शाळेच्या भाषेत देते. अक्षरं ॲपनेच शिकवली. आता सांगा, कुठलं ॲप?

कोरा_कागद
वय काहीही असो, यंत्राकडून भाषा येत नाही. बाळं भाषा कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग वाचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, तेव्हा बाळं ते ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत.

गोष्टीवेल्हाळ
अहो, ती बाळं होती आणि प्रश्न ध्वनी ओळखण्याचा होता. इथे आठ वर्षांच्या मुलीला लिपी शिकायची आहे. तो प्रयोग इथे ओढूनताणून कशाला लावायचा?

कोरा_कागद
माझा मुद्दा माणूस समोर असण्याचा आहे, तो कुठल्याही वयाला लागू आहे. ॲप चालू असताना आई शेजारी असते का, हे कोणी विचारलंच नाही.

पायवाट
हा प्रश्न मात्र रास्त आहे. आणखी एक: 'घर' आलं तेव्हा पडद्यावर नेमकं काय दिसतं? जसंच्या तसं सांगा.

निशिगंध_०७
मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते, ती हेडफोन लावून बसते. आत्ता बघून सांगते: 'घर' असा आवाज येतो, खाली चार चित्रं, प्रत्येक चित्राखाली शब्द. बरोबर चित्र दाबलं की तारा.

पायवाट
मग तिने 'घर' एकदाही वाचलेला नाही. कानाने ऐकला आणि बोटाने चित्र दाबलं. शब्द खाली लिहिलाय, पण त्याच्याकडे बघायची गरजच पडली नाही. ऐकून समजणं तिला आधीपासून येतंय, तारे त्याचे मिळाले. तिच्या हुशारीत काही कमी नाही, प्रश्नच चुकीचा विचारला गेलाय. आज एवढंच करा: आवाज बंद, चित्रांवर कागदाची पट्टी चिकटवा, फक्त शब्द उघडा ठेवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. चूक झाली तर दुरुस्त करू नका, ती काय म्हणाली ते लिहून ठेवा.

उजळणी
अँकी वापरा, म्हणजे कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप. पुढच्या बाजूला नुसता शब्द, मागे तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज. आधी तिने वाचायचं, मग आवाज ऐकून ताडून बघायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा मनातून आठवून काढलेलं आठवडाभराने जास्त टिकतं. चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, आलेलं लांबत जातं. रोज दहा मिनिटं पुरे.

गोष्टीवेल्हाळ
आठ वर्षांच्या पोरीला सुटे शब्द घोकायला लावले तर ती अँकीवरूनही उठून जाईल. गोष्ट हवी, पुढे काय होणार याची ओढ हवी.

उजळणी
घोकणं आणि आठवणं यात फरक आहे. आणि कार्डावर गोष्टीतलेच शब्द घ्या की, कोणी अडवलंय?

अक्षरजुळारी
अवांतर, पण महत्त्वाचं: ॲपचा फाँट कुठला आहे? पुष्कळ ठिकाणी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात आणि मराठी पुस्तकात पाकळीचा 'ल', देठाचा 'श' असतो. मोठ्यांना जाणवत नाही, नवशिक्याला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी नोंदवली की रूप आपोआप बदलतं.

कोरा_कागद
'घर' मध्ये 'ल'ही नाही आणि 'श'ही नाही.

निशिगंध_०७
पट्टी लावून बघितलं. 'घर'ला 'धर' म्हणाली. 'भात'ला 'मात'. 'खण'ला चक्क 'रवण'. वीसपैकी अकरा शब्द बरोबर आले. म्हणजे तिला बरंच येतंय, ठरावीक अक्षरांपाशीच अडतंय! दोन महिने मला हे दिसलंच नाही.

पायवाट
छान झालं, आता नेमकं कळलं. घ-ध, भ-म, ख-रव या जोड्याच घ्या. 'घ' आणि 'ध' शेजारी मोठे लिहून फरक तिलाच शोधू द्या. 'ध'ची शिरोरेघ सुरुवातीला तुटलेली असते, 'घ'ची सलग. हे तिने स्वतः बोट ठेवून दाखवलं की विसरणार नाही.

सायंतारा
ती मराठीत बोलत नाही म्हणालात, त्यावर आमचा उपाय सांगते. रोज एक ओळ वाचून आजीला आवाजी निरोप पाठवायचा. आजी उत्तरात पुढची ओळ लिहून पाठवते, ती वाचल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. पडदाही आला, माणूसही आलं.

निशिगंध_०७
दहा दिवसांनी लिहिते आहे. नवं ॲप घेतलं नाही. जुनं चालू आहे, पण आवाज बंद आणि मी शेजारी. अँकीत तिच्या चुकलेल्या जोड्यांची चोवीस कार्डं केली, मागचा आवाज आता तिला स्वतःचा हवाय. आजीची गोष्ट सातव्या ओळीवर आहे. काल आजीने 'रात्र' लिहिलं आणि गाडी तिथेच थांबली. 'त'ला खाली काय लटकलंय, असं विचारते. 'र'ची ही सगळी रूपं एकदम दाखवू की एकेक?

पायवाट
एकेक. आधी 'प्र', 'ग्र' अशी मूळ अक्षर स्पष्ट दिसणारी जोडाक्षरं घ्या, 'त्र' नंतर. रफार महिनाभर तरी नको.

उजळणी
मी चारही रूपं एकत्रच शिकवली होती. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.