‘ॲक्रिमोनियस’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतर करतेय. लेखात ‘ॲक्रिमोनियस डिव्होर्स’ आलंय. ‘कडू घटस्फोट’ लिहिलं आणि खोडलं. कडू म्हटलं की जिभेवर कारलं येतं, भांडण नाही. ‘कटू’ फारच सौम्य वाटतो. काय करू?

उत्तर : चवीला ‘ॲक्रिमोनियस’ हा शब्द लावत नाहीत. कारलं ‘बिटर’, डोळे चुरचुरवणारा धूर ‘ॲक्रिड’. ‘ॲक्रिड’ आणि ‘ॲक्रिमोनियस’ दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘आकेर’, म्हणजे धारदार, झोंबरा. ‘ॲक्रिमोनियस’ लागतो तो वादाला, बैठकीला, फाटाफुटीला, जिथे दोन्ही बाजूंनी वार झालेत. मनातल्या मनात कुढणारा एकटा माणूस ‘बिटर’च. उच्चारात जोर ‘मो’वर.

उत्तर : आमच्याकडची वाटणी आठवली. आजीच्या पितळी परातीवरून दोघे काका उंबऱ्यात उभे राहून एकमेकांची उणीदुणी काढत होते. परात शेवटी मोडीत विकली, पैसे वाटून घेतले. आजही एकमेकांकडच्या लग्नाला कुणी जात नाही. तुमचा शब्द हाच. मी ‘विकोपाला गेलेलं’ म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ती : उणीदुणी! तेच हवं होतं. ‘एकमेकांची उणीदुणी काढत झालेला घटस्फोट’ असं लिहिते. लांब झालं तरी चालेल, पण धार राहते. परातीचं वाचून मात्र फार वाईट वाटलं.