माळकरी आईच्या गुडघ्यांसाठी कोलॅजन: कोणतं द्यावं, आणि तिला चालेल का?

कृष्णाकाठ
आई 68 वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी एक्स-रे बघून झीज मध्यम आहे, ऑपरेशनची घाई नाही, असं सांगितलंय. तेरा वर्षं तिनं पायी वारी केली. गेल्या आषाढीला मात्र दिवे घाटात तीनदा खाली बसली आणि सासवडपासून पुढं दिंडीच्या ट्रकमधून गेली. ते तिच्या फार जिव्हारी लागलंय.

भावानं अमेरिकेहून कोलॅजनचा डबा पाठवला. वर लिहिलंय: टाइप 1 आणि 3, हायड्रोलाइज्ड, बोव्हाइन. कराडात मेडिकलमध्ये विचारलं तर टाइप 2 ची 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल दाखवली. बहीण म्हणते मरीन घे. ऑनलाइन 'व्हेगन कोलॅजन'सुद्धा दिसतं. आईनं डबा हातात घेऊन एवढंच विचारलं, "कशापासनं करत्यात ह्ये?" मला उत्तर देता आलं नाही. भाऊ म्हणतो दुधात मिसळून दे, चव लागत नाही. मला ते पटत नाही. डबा अजून फोडलेला नाही.

तिला चालत नसेल तर मी घेऊ का? वय 44, मासे-अंडी खाते, केस फार गळतायत. थायरॉइडची गोळी चालू आहे.

खलबत्ता
ताई, मी फार्मासिस्ट आहे, सांगलीत 22 वर्षं काउंटरवर उभी असते. आधी आईंच्या प्रश्नाचं उत्तर देते. कोलॅजन म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतलं प्रथिन. बोव्हाइन म्हणजे गाईगुरांचं कातडं. मरीन म्हणजे माशांची कातडी आणि खवले. ती 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल बहुतेक कोंबडीच्या छातीच्या हाडाजवळच्या कूर्चेपासून (लवचिक मऊ हाडापासून) बनते. झाडापाल्यात कोलॅजन तयारच होत नाही. 'व्हेगन'च्या डब्यात सहसा क जीवनसत्त्व, अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असलं काहीतरी असतं, कोलॅजन नसतं.

तेव्हा दुधातून गुपचूप अजिबात देऊ नका. त्यांनी सरळ विचारलंय, त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं. उद्या कळलं तर गुडघ्यापेक्षा मोठं दुखणं होईल.

आता प्रकारांचं. शरीरात कोलॅजनचे 28 प्रकार सापडलेत, पण सुमारे 90 टक्के टाइप 1 च आहे: कातडी, हाडं, कंडरा. टाइप 3 कातडीत आणि रक्तवाहिन्यांत त्याच्या जोडीनं असतं. टाइप 2 सांध्यांच्या कूर्चेत. म्हणून दुकानात 'त्वचेला 1 आणि 3, सांध्याला 2' असं सांगतात. पण हायड्रोलाइज्ड म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेलं. पोटात त्याचे आणखी तुकडे होतात, आणि त्यांच्यावर 'गुडघा' असा पत्ता लिहिलेला नसतो. पावडर घेताना टाइपपेक्षा रोज किती ग्रॅम पोटात जातात ते बघा. अभ्यासांमध्ये साधारण 2.5 ते 10 ग्रॅम वापरतात, तेही दोन-तीन महिने. बऱ्याच गमी आणि गोळ्यांत एवढं नसतंच.

40 मिलिग्रॅमवालं टाइप 2 मात्र वेगळं. ते न मोडलेलं, 'अनडिनेचर्ड' असतं. ते सांध्याला कच्चा माल पुरवत नाही. आतड्यातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना त्याची ओळख पटली की त्या सांध्यातल्या कूर्चेवर कमी चवताळतात, अशी त्यामागची कल्पना आहे. म्हणून मात्रा एवढी लहान. लेबलवर 'हायड्रोलाइज्ड टाइप 2' असेल तर ते हे नव्हे.

माळकऱ्यांसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचाचं असतं, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेचं, आणि साध्या कॅप्सूलचं टरफलसुद्धा जिलेटिनचं, म्हणजे शिजवलेलं कोलॅजनच. पूरक आहाराच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, ते बघून घ्या.

तुमचं म्हणाल तर केसांसाठी आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. केसांसाठी म्हणून विकतात त्या कोलॅजनमध्ये बऱ्याचदा बायोटिन भरपूर घातलेलं असतं, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका, कोलॅजनमुळं लघवीतलं ऑक्सलेट वाढू शकतं.

ताम्रपर्ण
मी जीवरसायनशास्त्र शिकवायचो. कोलॅजनच्या रेणूची रचना तिपेडी वेणीसारखी असते, हे 1954 मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मद्रासमध्ये मांडली. आपल्याकडच्या संशोधकांचं हे काम मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगायचो. ही वेणी घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं, ते नसलं की हिरड्यांतून रक्त येतं, स्कर्व्ही होतो. आवळा, पेरू, लिंबू आणि पोटभर डाळ-दही यांतून आईंचं शरीर स्वतःचं कोलॅजन बनवतंच. नुसत्या कोलॅजनवर प्रथिनांची गरज भागतही नाही, त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं.

त्वचेचा विषय निघालाय म्हणून: 2025 मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या मिळून फायदा दिसला, पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर तो दिसेना. मी माझ्या पैशानं घेणार नाही.

चढण
माझ्या वडिलांनी ती टाइप 2 कॅप्सूल पाच महिने घेतली. थोडा फरक पडला, पण त्याच महिन्यांत फिजिओथेरपीही चालू होती, त्यामुळं श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. गोळ्या संपल्या, व्यायाम चालू ठेवला, फरक टिकला. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच मोजायचे, सोडायचं. दहादा, सकाळ-संध्याकाळ. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आईंना आत्तापासून सुरू करू द्या, वारीला महिना उरल्यावर नको.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला सगळं सांगितलं. तिनं डबा कपाळाला लावला, "पोरानं मायेनं धाडलाय" म्हणाली, आणि माझ्या हातात परत दिला. टॉवेल मात्र लगेच मागितला. गुडघ्याखाली ठेवून पाच अंक मोजायच्या ऐवजी पाचदा 'विठ्ठल' म्हणते.

खलबत्ताताई, डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा डी व्हिटॅमिन लिहून दिलंय, मऊ कॅप्सूल आहे. तीपण जिलेटिनचीच का?

खलबत्ता
बहुतेक हो. त्याच मात्रेची पावडरीची पुडी मिळते, दुधातून घ्यायची. डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, आणि या वेळी दुधात काय घातलंय ते आईंना सांगून द्या.