मोठ्या गाडीजवळ जपायचं कुणी? दुचाकीवाल्यानं की ट्रॉलीवाल्यानं?

पिरनवाडीकर
काल संध्याकाळी बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक पोरगा थोडक्यात वाचला. बस डावीकडं वळत होती. वळायला जागा हवी म्हणून ड्रायव्हरनं आधी तोंड जरा उजवीकडं काढलं, डाव्या अंगाला फट पडली आणि हा दुचाकी घेऊन आत. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आत कापत येतात. ती फट मिटणारच असते. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डाव्या दाराखालचं त्याला दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे : बस-ट्रकच्या डावीकडून घुसायचंच नाही. जपायचं आपणच, कारण हाडं आपली मोडतात.

निपाणीचा
दर वेळी दुचाकीवाल्यालाच शहाणपण शिकवायचं काय ओ? आमच्याकडं गळीत हंगामात येऊन बघा की. गेल्या हंगामात चिकोडी रस्त्यावर पंक्चर झालेली उसाची डबल ट्रॉली रस्त्यातच उभी होती. चाकाला दगड लावलेले, पण दिवा नाही, रेडियम नाही. मामेभावाचा खांदा मोडला. समोरून गाडी आली म्हणून त्यानं लाइट डिप, म्हणजे खाली केला होता. डिप लाइटमध्ये चाळीसेक मीटर दिसतं आणि साठच्या वेगात सेकंदाला जवळपास १७ मीटर जातात. हिशेब करा, त्यानं काय जपायचं होतं?

संकेश्वरचा ड्रायव्हर
बावीस वर्षं ट्रक चालवतोय. पुढच्या गाडीपासून आम्ही अंतर सोडतो ते ब्रेकसाठी. हवेचा ब्रेक पाय ठेवल्या ठेवल्या लागत नाही, त्यात वीस टन माल मागून ढकलत असतो. त्या मोकळ्या जागेत कार येते आणि वर ब्रेक मारते. तवंदी घाट उतरताना तर असं करूच नका. उतारावर ब्रेक सारखे लागून तापले की धरत नाहीत, म्हणून आम्ही खालच्या गिअरवर हळू उतरतो. मागून हॉर्न मारून काय उपयोग?

खानापूरची
दादा, तुमचं ब्रेकचं पटलं. पण हायवेला उजवी लेन अडवून कोण चालतं? तुम्ही बाजूला होत नाही म्हणून लोक डावीकडून जातात. शिवाय तो उजवा इंडिकेटर! कुणी ‘जावा पुढं’ म्हणून देतो, कुणी ‘थांबा, समोरून गाडी आहे’ म्हणून, तर कुणाला खरंच उजवीकडं वळायचं असतं. स्कूटरवर मागं लेक बसलेली असताना मी कोणता अर्थ घ्यायचा?

संकेश्वरचा ड्रायव्हर
ताई, उजवी लेन मी पण धरतो, खोटं बोलणार नाही. डाव्या लेनीत गावागावाजवळ उलट्या बाजूनं मोटारसायकली येतात, रिक्षा थांबलेल्या असतात. तरी मागून गाडी आली की डावीकडं यायला पाहिजे, हे मान्य. इंडिकेटरचं तुमचं बरोबर आहे. एकच खूण तीन अर्थांनी वापरायची म्हणजे जीवाशी खेळ.

पिरनवाडीकर
ताई, मी इंडिकेटर बघून ओव्हरटेक करतच नाही. समोरचा रस्ता स्वतःला दिसला तरच जातो, आणि ट्रकला चिकटून राहिलं तर तो दिसत नाही. मागं राहिलं की दिसतो. त्याचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, ही खूण पक्की.
निपाणीच्या दादा, ट्रॉलीबाबत मी चुकलो. अंधारात उभ्या ट्रॉलीपुढं दुचाकीवाल्याची काळजी पुरत नाही. डाव्या फटीचं मत मात्र बदलत नाही.

निपाणीचा
मग जबाबदारी कुठं घालायची तेही सांगतो. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबतेच. तिथंच दिवा-रेडियम बघा, नसेल तर पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नका.

संकेश्वरचा ड्रायव्हर
काट्यावर येईतोवर ट्रॉली रात्रभर रस्त्यावर असते ओ. आणि रेडियम हौद्याला लावलं तर लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकून जातं. फडातच, भरून झाल्यावर, उसाच्या टोकांवरून रेडियम शिवलेलं पोतं बांधायला पाहिजे.

निपाणीचा
पोतं आमच्या गल्लीतल्या ट्रॉल्यांना मी बांधून देतो. काट्यावरची तपासणी तरीही पाहिजेच.